किटच्या पवनचक्कीत इलेक्ट्रॉनिक्स बसवताना आधी लोड समजून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातवीतल्या मुलीकडे पवनचक्कीचा किट आहे: तीन पाती, त्यांचा व्यास सुमारे ३० सेंटिमीटर, प्लास्टिकचा खांब, डोक्यात छोटी मोटर आणि तळाशी एक एलईडी. टेबलफॅनसमोर ठेवली की चक्की फिरते आणि एलईडी मिणमिणतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला फेरे, व्होल्टेज आणि तयार होणारी वीज पडद्यावर दाखवायची आहे. त्याच विजेवर अर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा नियंत्रक बोर्ड, चालवायचा आहे, जमलं तर मोबाईल चार्ज करायचा आहे आणि वारा फार झाला की चक्की आपोआप थांबायला हवी आहे. यातलं काय जमेल, वीज साठवता येईल का आणि सुरुवात कुठून करावी, असं तिचे पालक विचारतात.

पडद्यावर आकडे नक्की जमतील. आपोआप थांबणंही जमेल, आणि माझ्या मते या प्रकल्पाचा तो सगळ्यात सुंदर भाग होईल. अर्डुइनो मात्र चक्कीच्या विजेवर चालणार नाही, त्याला वेगळा पॉवर बँक द्या. मोबाईलचा विचार सोडून द्या. यामागचं कारण मुलीला नीट समजलं पाहिजे, कारण परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील. म्हणून हिशेबापासून सुरुवात करतो.

वाऱ्यातली शक्ती म्हणजे हवेची घनता, पात्यांनी व्यापलेलं क्षेत्रफळ आणि वाऱ्याच्या वेगाचा घन यांच्या गुणाकाराचं अर्ध. ३० सेंटिमीटर व्यासाचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस मीटर येतं. हवेची घनता मुंबईत घनमीटरला सुमारे १.२ किलो, पुण्याच्या उंचीवर साधारण १.१. टेबलफॅनसमोर हातभर अंतरावर सेकंदाला ४ मीटर वेग धरू. हिशेब केला की सुमारे अडीच वॅट येतात. हे झालं वाऱ्यातलं. कुठलीही चक्की यातलं ५९.३ टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही, ही बेट्झची मर्यादा. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांच्या नावाने ती ओळखली जाते. किटमधली सपाट प्लास्टिकची पाती त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत. दहा ते पंधरा टक्के मिळाले तरी चांगलं. म्हणजे पाव वॅट ते फार तर एक तृतीयांश वॅट दांड्यावर आला. पुढे छोटी मोटर जनरेटर म्हणून कमी फेऱ्यांवर चालते तेव्हा त्यातला पाव भाग विजेत उतरतो. हाती राहतात पन्नास ते शंभर मिलिवॅट, तेही सगळं जुळून आलं तर. प्रत्यक्षात पंचवीस-तीस मिलिवॅट मिळाले तरी निराश होऊ नका.

आता खर्चाची बाजू बघा. अर्डुइनो उनो नुसता चालू ठेवायला ५ व्होल्टवर ४५-५० मिलिअँप, म्हणजे पाव वॅट लागतो. ईएसपी३२ हा तसाच, पण वाय-फाय असलेला बोर्ड; तो वाय-फाय चालू करतो तेव्हा त्याहून बरंच जास्त ओढतो. मोबाईलचा साधा चार्जर ५ वॅटचा असतो. पंचवीस मिलिवॅटच्या हिशेबाने अशा दोनशे चक्क्या लागतील. हा आकडा तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. मुलांना तो पटकन कळतो आणि खऱ्या चक्कीची पाती इतकी अवाढव्य का असतात, तेही सांगतो. व्यास दुप्पट केला की शक्ती चौपट, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की आठपट. साताऱ्याजवळ चाळकेवाडी किंवा वनकुसवडेच्या पठारावर चक्क्यांच्या रांगा आहेत, खालच्या गावांत नाहीत, त्याचं कारण या घनातच आहे.

म्हणून जोडणीचं तत्त्व एकच ठेवा: चक्कीचं सर्किट वेगळं आणि मोजणारं सर्किट वेगळं. चक्की स्वतःची वीज एका लोडला, म्हणजे ती वीज वापरणाऱ्या एलईडीला किंवा रेझिस्टरला, देते. अर्डुइनो बाजूला बसून ते मोजतो आणि पॉवर बँकेवर जगतो. दोघांमध्ये फक्त ऋण टोक, म्हणजे ग्राउंड, सामाईक. खऱ्या पवनचक्कीतही नियंत्रक, सेन्सर, दिवे यांना सहायक पुरवठा असतो; वारा पडला म्हणून तिचा संगणक बंद पडत नाही. तेव्हा पॉवर बँक वापरणं म्हणजे फसवणूक नव्हे, हे परीक्षकांना बेधडक सांगावं.

काहीही विकत घेण्याआधी एक संध्याकाळ मल्टिमीटर घेऊन बसा. एलईडी काढा. पंखा चालू करा आणि मोटरच्या दोन टोकांवर मोकळं व्होल्टेज मोजा. पंख्याचं अंतर चिकटपट्टीने जमिनीवर किंवा टेबलावर आखून ठेवा, नाहीतर आजचे आकडे उद्या जुळणार नाहीत. तुमचा एलईडी लाल असेल आणि मिणमिणत असेल तर त्यावर १.७-१.८ व्होल्टच्या आसपास येत असणार. पांढरा किंवा निळा असेल तर त्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, तेव्हा आधी तो बदलून लाल लावा. पाच रुपयांत चक्की एकदम जिवंत वाटेल.

मोकळं व्होल्टेज एका व्होल्टच्याही खाली असेल तर दोष मोटरचा. बाजारात सगळ्यात स्वस्त मिळणारी खेळण्यातली मोटर ३ व्होल्टवर मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेते. तिला उलट वापरलं की तेच प्रमाण लागू होतं: हजार फेऱ्यांना साधारण ०.३ व्होल्ट. आपली चक्की मिनिटाला चारशे फेरे फिरली तर मिळणार ०.१२ व्होल्ट. त्यावर कुठलाच एलईडी पेटत नाही, आणि कितीही इलेक्ट्रॉनिक्स जोडलं तरी हे मूळ दुखणं जात नाही. जनरेटरसाठी मोटर निवडताना कमी व्होल्टेजवर जोरात पळणारी नको, जास्त व्होल्टेजवर सावकाश फिरणारी हवी. जुन्या सीडी-डीव्हीडी प्लेअरमधल्या चपट्या छोट्या मोटरी या कामाला उत्तम असतात. सौर खेळण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या मोटरीही चालतात.

रोबोटच्या चाकांना लावतात ती पिवळी गिअरवाली बीओ मोटर बरेच जण सुचवतात. ती मी घेत नाही. दांडा बाहेरून फिरवायचा तर आतली सगळी दातेरी चाकं उलटी ओढावी लागतात आणि ३० सेंटिमीटरच्या पात्यांना एवढा जोर नसतो. २८बीवायजे-४८ नावाची छोटी गिअरवाली स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी फिरणारी) याच कारणाने बाद. जुन्या प्रिंटरमधली गिअर नसलेली स्टेपर मोटर कमी फेऱ्यांवरही भरपूर व्होल्टेज देते, पण तिच्यात चुंबकाचे टप्पे असतात. हाताने फिरवली की बोटांना ते टकटक जाणवतात. त्या टप्प्यांमुळे मंद वाऱ्यात चक्की सुरूच होत नाही. पाती ५० सेंटिमीटरची करायची तयारी असेल तरच तिच्या वाटेला जा. मग तिच्या दोन्ही वेटोळ्यांना वेगवेगळे डायोड ब्रिज (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चार डायोडांची जोडणी) लागतील, आणि ते १एन४००७ चे नकोत. त्या डायोडवर प्रत्येकी ०.७ व्होल्ट पडतात, ब्रिजमध्ये दोन डायोड एका वेळी वाटेत येतात, म्हणजे १.४ व्होल्ट तिथेच गेले. १एन५८१९ हा शॉटकी डायोड लहान करंटवर ०.२-०.३ व्होल्टमध्येच काम भागवतो.

यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि किटच्या पुस्तिकांमध्ये तो क्वचितच सापडतो. चक्की किती वीज देते, हे चक्कीइतकंच तुम्ही तिला काय जोडलंय त्यावर ठरतं. मोकळ्या टोकांवर व्होल्टेज सर्वाधिक दिसतं, पण करंट शून्य, म्हणून शक्ती शून्य. टोकं एकमेकांना जोडली तर करंट मिळतो, व्होल्टेज शून्य, पुन्हा शक्ती शून्य. मधे कुठेतरी शिखर आहे आणि ते शोधायचं आहे. ४७०, २२०, १००, ४७, २२ ओहमचे रेझिस्टर आणा. एकेक जोडा, अर्धा मिनिट थांबा, चक्की स्थिर झाली की रेझिस्टरवरचं व्होल्टेज लिहा. व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट.

उदाहरण म्हणून समजा, मोकळं व्होल्टेज ३ आहे. ४७० ओहमवर २.६ व्होल्ट दिसले तर १४ मिलिवॅट. २२० वर २.२ म्हणजे २२ मिलिवॅट. १०० वर १.६ म्हणजे जवळजवळ २६. ४७ वर ०.९ म्हणजे १७. आणि २२ ओहमवर व्होल्टेज एकदम ०.४ वर कोसळलं तर उरले सात. या चक्कीचं शिखर शंभर ओहमच्या आसपास आहे. तुमचे आकडे वेगळे येतील, आलेखाचा आकार मात्र असाच डोंगरासारखा येईल.

आता मोटरच्या वेटोळ्याचा रोध मल्टिमीटरने मोजा. तो समजा २० ओहम निघाला. विजेची पुस्तकं सांगतात की लोड आतल्या रोधाइतका असला की सर्वाधिक शक्ती मिळते. मग शिखर वीसवर यायला हवं होतं, शंभरवर कसं आलं? कारण ते विधान स्थिर व्होल्टेजच्या स्रोताबद्दल आहे आणि चक्की तसा स्रोत नाही. जास्त करंट ओढला की जनरेटर पात्यांना मागे खेचतो, फेरे कमी होतात, व्होल्टेज मुळातच घटतं. त्यातच पात्याचा वेग उतरला की वारा पात्यावर जास्त तिरका आदळू लागतो, एका मर्यादेनंतर प्रवाह पात्याच्या पाठीवरून सुटतो आणि पातं उचल गमावतं. इंग्रजीतून आलेला ‘स्टॉल’ हाच शब्द आपले तंत्रज्ञही वापरतात. म्हणून २२ ओहमवर चक्की नुसती मंदावली नाही, ती कोसळली. खऱ्या पवनचक्कीतला कन्व्हर्टर दिवसभर हेच करतो: वारा बदलला की जनरेटरवरचा जोर बदलून पात्यांना शिखराजवळ ठेवतो. तुमच्या मुलीला एवढं जरी स्वतःच्या आकड्यांवरून दाखवता आलं, तरी नुसत्या चकचकीत पडद्यापेक्षा तिचा प्रकल्प खूप पुढे जाईल.

रेझिस्टरची मालिका मोठ्याकडून छोट्याकडे आणि मग उलट, अशी दोन्ही दिशांनी घ्या. थांबायला आलेली चक्की लोड हलका केल्यावर लगेच सावरते का, हे बघण्यासारखं असतं. सपाट पात्यांचा कोन दहा अंशांऐवजी वीस अंश केला तर शिखर कुठे सरकतं, हाही एका दुपारचा छान प्रयोग आहे. किटच्या तुंब्यात, म्हणजे पाती बसतात त्या मधल्या भागात, पाती फिरवून घट्ट करता येत असतील तर नक्की करा. तिन्ही पात्यांचा कोन कार्डबोर्डचा एकच तुकडा कापून त्याने जुळवा.

मोजमापाकडे येऊ. फेऱ्यांसाठी हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळ आला की सिग्नल देणारा सेन्सर, वापरा. इन्फ्रारेड सेन्सर स्वस्त असतो, पण प्रदर्शनाच्या मांडवात खिडकीतून ऊन आलं की तो वाटेल ते आकडे देतो. ए३१४४ हा हॉल सेन्सर सहज मिळतो. त्याला किमान साडेचार व्होल्ट लागतात, उनोवर अडचण नाही. ईएसपी३२ वापरणार असाल तर सेन्सरला ५ व्होल्टच द्या, मात्र त्याच्या आउटपुटचा १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर (एरवी पिन वरच्या पातळीवर धरून ठेवणारा) ३.३ व्होल्टला जोडा. आउटपुट ओपन कलेक्टर असल्याने, म्हणजे ते स्वतः व्होल्टेज न देता फक्त ग्राउंडला जोडत असल्याने, हे चालतं आणि ईएसपीची पिन सुरक्षित राहते. तुंब्याच्या मागच्या बाजूला ५ मिलिमीटरचे दोन निओडिमियम चुंबक समोरासमोर चिकटवा. एकच लावला तर तोल जातो, खांब थरथरतो आणि वाढत्या फेऱ्यांबरोबर ते वाढतं. दोन्ही चुंबकांची एकच बाजू सेन्सरकडे असली पाहिजे, कारण हा सेन्सर एकाच ध्रुवाला प्रतिसाद देतो. आणि हे चुंबक घरातल्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना चिकटून जिवावर बेततं.

प्रोग्राममध्ये एका सेकंदात किती ठोके आले हे मोजण्यापेक्षा दोन ठोक्यांमधला वेळ मोजा. चारशे फेऱ्यांवर दोन चुंबकांचे सेकंदाला तेराच ठोके येतात, म्हणजे एक ठोका इकडे-तिकडे झाला की आकडा तीस फेऱ्यांनी उडी मारतो. वेळ मायक्रोसेकंदात घेतला तर तो वेळ गुणिले चुंबकांची संख्या, आणि या गुणाकाराने ६ कोटींना भागायचं, झालं. ७५ हजार मायक्रोसेकंद आले तर बरोबर ४०० फेरे. इंटरप्ट (ठोका आला की प्रोग्रामला लगेच कळवणारी सोय) उनोच्या २ नंबरच्या पिनवर घ्या, ५ मिलिसेकंदांहून जवळ आलेले ठोके खोटे समजून टाकून द्या आणि दोन सेकंद ठोका आलाच नाही तर शून्य दाखवा. हे शेवटचं विसरलं की चक्की थांबलेली असते आणि पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो.

व्होल्टेज आणि करंटसाठी आयएनए२१९ चं तयार मॉड्यूल घ्या. दोन्ही गोष्टी एकाच चिपमध्ये मोजल्या जातात आणि चारच तारा अर्डुइनोकडे जातात. चक्कीचं धन टोक त्याच्या आत येणाऱ्या स्क्रूला, बाहेर जाणारा स्क्रू लोडला, लोडचं दुसरं टोक ग्राउंडला. मॉड्यूलवर ०.१ ओहमचा शंट, म्हणजे करंट मोजण्यासाठीचा छोटा रेझिस्टर, असतो. लायब्ररीत ४०० मिलिअँपचं कॅलिब्रेशन निवडलं तर ०.१ मिलिअँपपर्यंत वाचता येतं, आपल्या दहा-वीस मिलिअँपना ते पुरेसं आहे. मूळ सेटिंग ३.२ अँपसाठीचं असतं, ते तसंच ठेवू नका. चक्की बंद असताना करंट शून्य दिसतो का ते बघा. अर्धा-एक मिलिअँप दिसला तर तो प्रोग्राममध्ये वजा करा. एक जपा: चक्की उलटी फिरली की धन-ऋण उलटतं आणि हे मॉड्यूल उलटं व्होल्टेज सहन करत नाही. जोडण्याआधी दिशा मल्टिमीटरने तपासा आणि धन-ऋण टोकांमध्ये एक शॉटकी डायोड उलटा लावून ठेवा.

मोटरच्या ब्रशमुळे ठिणग्यांचा गोंगाट येतो. तिच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डाग देऊन लावा आणि खाली येणाऱ्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्या. खांबातून फक्त मोटरच्या दोन आणि सेन्सरच्या तीन तारा उतरू द्या. आयएनए२१९ आणि पडदा तळाच्या खोक्यात, अर्डुइनोजवळ ठेवा. आयटूसीच्या, म्हणजे मॉड्यूल आणि पडदा अर्डुइनोशी बोलतात त्या, लांब तारा वर नेल्या की पडदा मधेच गोठतो. पडदा म्हणून ०.९६ इंची ओएलईडी चालतो, पण मांडवात दोन मीटरवरून तो वाचता येत नाही. १६ गुणिले २ चा जुना एलसीडी दिसायला साधा, तरी लांबून बरा दिसतो. मोबाईलवरच आकडे दाखवायचे असतील तर ईएसपी३२ ला स्वतःचं वाय-फाय तयार करायला सांगा. शाळेच्या नेटवर्कवर अवलंबून राहू नका.

डोकं वाऱ्याप्रमाणे वळत असेल तर पाच तारांना पीळ बसत जातो. पंखा एकाच जागी असताना वळण्याची गरजच नाही, स्क्रूने ते पक्कं करा. गच्चीवर ठेवायची असेल तर मऊ सिलिकॉनच्या तारांना एक सैल वेटोळं द्या आणि डोकं एका फेऱ्याहून जास्त वळू नये असा अडथळा बसवा. खऱ्या चक्कीतही केबल काही फेरे पिळू देतात आणि मग नियंत्रक डोकं उलटं फिरवून पीळ उलगडतो.

साठवणुकीबद्दल तुम्ही विचारलं आहे. लिथियम सेल आणि त्याचं टीपी४०५६ चार्जर मॉड्यूल यापासून दूर राहा. ते मॉड्यूल ५ व्होल्टवर एक अँप ओढायला बसवलेलं असतं, आपली चक्की त्यापुढे जागच्या जागी थांबेल. आणि चार्जर वगळून चक्की थेट लिथियम सेलला जोडणं धोक्याचं आहे, ते कधीही करू नका. व्होल्टेज वाढवणारं बूस्ट मॉड्यूलही कमजोर स्रोतावर तसंच वागतं: व्होल्टेज पडलं की ते जास्त करंट ओढतं, त्याने व्होल्टेज आणखी पडतं. दोन हजार मिलिअँपअवरचा निकेल-मेटल सेल २० मिलिअँपवर भरायला शंभर तास लागतील, तेव्हा तोही प्रदर्शनात काही दाखवणार नाही. ५.५ व्होल्टचा, १ फॅरडचा नाण्यासारखा चपटा सुपर कपॅसिटर घ्या. त्याचा आतला रोध बराच असतो, एरवी तो दोष मानतात, इथे मात्र कामी येतो: रिकामा कपॅसिटर म्हणजे जवळजवळ शॉर्ट सर्किट, त्याने चक्की अडली असती. अडीच व्होल्टपर्यंत भरला की पंखा बंद केल्यावरही लाल एलईडी दोन मिलिअँपवर पाचेक मिनिटं जळत राहतो. चक्की आणि कपॅसिटर यांच्यामध्ये शॉटकी डायोड हवाच. नाहीतर वारा थांबताच साठवलेली वीज मोटरकडे उलटी जाईल आणि चक्की पंख्यासारखी फिरू लागेल. मुलीला हे एकदा मुद्दाम डायोड काढून दाखवा, डायोडचं काम ती कधी विसरणार नाही.

आता ब्रेक. वर पाहिलं की लोड जड झाला की चक्की मंदावते. तेच टोकाला नेलं की ब्रेक मिळतो: मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडायची. फिरणाऱ्या वेटोळ्यात करंट वाहतो आणि तो फिरण्याला विरोध करतो. हाताने करून बघा, टोकं मोकळी असताना पाती फुंकरीने फिरतात, जोडली की जड होतात. हा ब्रेक चक्कीला पूर्ण धरून ठेवत नाही, कारण फेरे शून्यावर आले की करंटही नाही आणि विरोधही नाही. ती सावकाश सरकत राहते. खऱ्या चक्कीत म्हणूनच पात्यांची धार वाऱ्याकडे वळवतात आणि देखभालीसाठी वेगळा यांत्रिक ब्रेक असतो.

टोकं जोडायला ५ व्होल्टचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, वापरा, आणि त्याचा वीज नसताना जोडलेला असणारा संपर्क (एनसी) वापरा, वीज नसताना उघडा असणारा (एनओ) नको. म्हणजे रिलेला वीज मिळते तोवर चक्की मोकळी आणि वीज गेली की आपोआप ब्रेक. रिलेची तार सुटली, पॉवर बँक संपला, कशानेही रिलेची वीज गेली तरी चक्की थांबण्याच्या बाजूला जाते. मोठ्या पवनचक्कीची रचना याच विचाराने होते. ग्रिडची वीज गेली तरी पाती वळवण्यापुरती ऊर्जा बॅटरीत किंवा दाबाखालच्या तेलात राखून ठेवलेली असते. प्रदर्शनात परीक्षकांसमोर पॉवर बँकेची तार उपसून दाखवा.

या मांडणीचा आणखी एक फायदा आहे. बरेच पॉवर बँक फार कमी करंट दिसला की काही वेळाने स्वतःच बंद होतात. उनो आणि पडदा मिळून त्यांना पुरेसा वाटत नाही. रिलेची कॉइल सतत सत्तरेक मिलिअँप घेते, त्यामुळे पॉवर बँक जागा राहतो. रिलेचा संपर्क आयएनए२१९ च्या आधी, चक्कीच्या बाजूला जोडा. काही रिले मॉड्यूल पिन खाली गेल्यावर चालू होतात, काही वर गेल्यावर. आणल्यावर आधी हे तपासा.

प्रोग्राममध्ये एक सापळा आहे. फेरे ६०० च्या वर गेले की ब्रेक लाव आणि ६०० च्या खाली आले की सोड, असं लिहिलं तर रिले टकटकत राहील: ब्रेक लागताच फेरे पडतात, लगेच ब्रेक सुटतो, पुन्हा वाढतात. ब्रेक एकदा लागला की तो अर्धा मिनिट तरी कायम ठेवा, मग सोडून बघा. मोठ्या चक्क्या साधारण सेकंदाला २५ मीटर वाऱ्यावर थांबतात आणि वारा त्याहून बराच उतरल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाहीत, त्यामागे हेच आहे. मर्यादा किती ठेवायची? पंखा सर्वांत जवळ, तीन नंबरवर, लोड जोडलेला असताना जे फेरे येतात ते लिहा. मग लोड काढा. फेरे झपाट्याने वर जातील. या दोन आकड्यांच्या मधे मर्यादा ठेवा. म्हणजे लोड निघाला तर चक्की सुसाट सुटण्याआधी ब्रेक लागेल, आणि टेबलावर हे हवं तेव्हा करून दाखवता येईल.

खरेदी पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत होते. आयएनए२१९ आणि हॉल सेन्सर दोन-दोन घ्या, डाग देताना एखादा जातोच. मोटरचा दांडा २ मिलिमीटरचा असेल तर तुंबा नुसता दाबून बसवलेला ठेवू नका. बारीक स्क्रूवाला पितळी कपलर घ्या आणि चाचणीच्या वेळी पात्यांच्या पातळीत कोणाला उभं राहू देऊ नका. सुटलेलं पातं त्याच पातळीत जातं. चाचणी करताना चष्मा हवाच. प्रदर्शनात टेबलाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे पत्रे उभे करा, मुलं बोट घालतातच.

टेबलफॅनचा वारा भोवऱ्यासारखा पिळत येतो आणि मधोमध, पंख्याच्या मोटरच्या समोर, जवळजवळ नसतोच. म्हणून चक्की पंख्याला अगदी चिकटून ठेवली तर कमी वीज मिळते. थोडं मागे सरकवून कुठे सर्वाधिक फेरे येतात ते शोधा. सरबताच्या नळ्यांचे गठ्ठे एका चौकटीत घट्ट भरून पंख्यासमोर ठेवले तर वारा सरळ होतो. वेग थोडा घटतो, पण आकडे स्थिर येतात.

लोडचे पाच रेझिस्टर सुटे ठेवू नका. फिरवायचा सहा जागांचा स्विच घ्या, पाच जागांवर रेझिस्टर, सहावी मोकळी, आणि प्रत्येक जागेवर ओहम लिहा. बघणाऱ्यांना तो स्वतः फिरवू द्या: फेरे खाली जाताना दिसतील, मिलिवॅट आधी चढतील आणि मग पडतील. स्विचच्या शेजारी मुलीच्या हाताने काढलेला आलेख लावा आणि त्यावर पंख्याचं अंतर आणि पंख्याचा नंबर लिहायला सांगा.